किडनी माझी, दारं तुझी

दिल्या,

परवा तुझ्या दारावर आलेल्या एका बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "अक्का, तुमची ती किडनी परत काढून तुम्हाला बसवता आली नसती का हो?" तुला जाऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. बाई वाईट नाहीत, तुझ्याच गल्लीतल्या आहेत, तुझ्या आजारपणात दोनदा मऊ खिचडी करून आणलेल्या. तरी मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. तू असतास तर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला असतास, त्यांची माफी मागितली असतीस आणि आत येऊन मला म्हणाला असतास, "अक्का, तुना तोंडले जरा कुलूप लाव."

काल तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. पाहुणे आपापल्या गावी गेले, मी धुळ्याला परत आले. आज शाळेत रजा टाकून हे लिहायला बसलेय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू निघून गेलास. सत्तावन्न वर्षांची मास्तरीण आहे मी. समोरचा गप्प बसला की माझा आवाज आणखी चढतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? तू निष्काळजी नव्हतास. निष्काळजी माणसाला चार शिव्या घालून मोकळं होता येतं. तू सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या गोळ्या चार वर्षांत एकदाही चुकवल्या नाहीस. एकदा एरंडोलजवळ बस बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभं राहून घेतल्यास आणि मला फोटो पाठवलास. उकळलेल्या पाण्याची बाटली शाळकरी पोरासारखी गळ्यात अडकवून फिरायचास. वजन, बीपी, लघवीचं माप, रोजच्या रोज वहीत. दही नाही, कोशिंबीर नाही, बाहेरचं काही नाही. हिवाळ्यात सगळं जळगाव शेताशेतात भरीत खायला जायचं तेव्हा तू घरी बसून मी गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत खायचास. "काडीवर भाजेल नही, तर हाई भरीत नही, भाजी शे," असं म्हणायचास, पण ताट चाटूनपुसून साफ करायचास. एवढं पाळणारा माणूस. आणि कुणाच्या मरणाची बातमी आली की लगेच तुझा हात मास्ककडे आणि पाय दाराकडे.

माणूस गेलं त्या घरी जायचं, बाहेर अंथरलेल्या सतरंजीवर घटकाभर मुकाट्याने बसायचं आणि 'येतो' न म्हणता उठून यायचं. बाकी जग याला सांत्वनाला जाणं म्हणतं, आपण दारावर जाणं म्हणतो आणि तू तर याला ड्यूटी समजायचास. पिंपळनेरच्या तुझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची आई गेली, तू गेलास. तुझ्या बायकोच्या, वंदनाच्या मावसबहिणीचे सासरे वरणगावला वारले, ज्यांना तू आयुष्यात एकदा, तेही लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतंस, तरी तू गेलास. लांब बसलो, मास्क काढला नाही, पाच मिनिटांत उठलो, हे तुझं ठरलेलं उत्तर. तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. दुकानात "पाच मिनिटं बसा" म्हणून तू गिऱ्हाइकाला अर्धा दिवस बसवून ठेवायचास.

आठवतं, नाशिकला त्या समितीपुढे मला बसवलं होतं? किडनी देणारी बाई राजीखुशीने देते आहे ना, हे तपासायचं होतं त्यांना. "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" असं एका मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "आहे की. सासूबाईंचा. देऊ नको म्हणून." मॅडम हसल्या, आमच्या ह्यांनी मान खाली घातली आणि मुकाट्याने सही केली. सासूबाई तेव्हा चार महिने माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आल्यागेल्याला ऐकवायच्या, "आमना घरनी सून शे ती. तिन्हं आंग म्हनजे माहेरनी जहागीर शे का?" हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं, आणि तू ते मनात ठेवलंस.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीत बसवून तुझ्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. माझ्या कुशीत कळ येत होती आणि तू आत पलंगावर बसून दात काढत होतास. मला पाहिलंस आणि लघवीची पिशवी उचलून दाखवलीस, आहेरात आलेली वस्तू दाखवावी तशी. दोन वर्षं डायलिसिसवर होतास. दिवसाला चार कप पाणी मोजून मिळायचं, आणि वर जळगावचा उन्हाळा. बर्फाचा खडा जिभेवर ठेवून दुपार काढायचास. आता डॉक्टर म्हणत होते, रोज तीन लिटर पाणी प्या. सिस्टरनी दिलेला पहिला भरलेला ग्लास तू डोळे मिटून प्यायलास आणि मग रडलास. मीही रडले. काचेच्या अलीकडे-पलीकडे बसून दोन घोडे भाऊ-बहीण रडताहेत, तेही लघवीच्या आनंदाने. तो दिवस मला तू दिलास, हे मी विसरलेले नाही. मला हे कधी सांगता आलं नाही, कारण मी सतत तुला काहीतरी बजावत असायचे.

त्यानंतर फोन केला की पहिलं वाक्य तेच. "अक्का, तुनी मोटार मस्त चाली राह्यनी." मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्याला किडनी म्हणजे मोटारच. जळकी काढली, चालू बसवली, पाणी सुरू.

पहिले तीन महिने तुझ्याकडे कुणाला येऊ द्यायचं नव्हतं. वंदनाने दारात आडवं टेबल लावलं आणि त्यामागे खुर्ची टाकून मी बसले. सुट्टी संपली तरी पगार कापून बसले. लोक नारळपाणी घेऊन यायचे, पेढे घेऊन यायचे, पेशंटला पाहिल्याशिवाय जायचंच नाही अशा तयारीने यायचे. "आम्ही काय रोग घेऊन आलोय का?" असं तुझ्या चुलतसासऱ्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "हो, आलाय. सगळेच घेऊन फिरतो, आपल्याला काही होत नाही एवढंच." ते आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत. आणि आतून तुझा आवाज, "येऊ दे ना अक्का, लांबून पाहतील." अर्धं जळगाव मला कजाग म्हणू लागलं ते तेव्हापासून. म्हणोत. तू जगत होतास.

पण तू आनंदात नव्हतास, हे मला उशिरा कळलं. गोळ्यांनी तुझे हात थरथरायला लागले होते. इतरांच्या दृष्टीने ती किरकोळ गोष्ट. डॉक्टरही म्हणाले, चालायचंच, याने जिवाला धोका नाही. पण केसासारखी तांब्याची तार बोटांवर खेळवणारा माणूस तू. पाण्यातली मोटार जळून आली की लोक म्हणायचे, दिलीपभाऊने स्वतः तार भरली तरच न्यायची. एकदा मी न सांगता दुकानात आले तर तू मागच्या बाजूला, कारागीर जेवायला गेलेला पाहून, एकटाच तार घेऊन बसला होतास. तार गुंतत होती. तू सोडवायचास, परत लावायचास, परत गुंतायची. मी उभी आहे हे तुला कळलं तेव्हा तू तार फेकून दिलीस आणि मला म्हणालास, "चहा लेशी का?" चेहरा गोळ्यांनी सुजलेला, साखर वाढलेली, हात असे. त्या दिवशी मी तुला समजून घ्यायला हवं होतं. मी काय केलं? मास्क हनुवटीवर का आहे, म्हणून दुकानातच ओरडले.

मग फोनवर आपलं ते मोठं भांडण झालं. मी म्हटलं, तुला किडनी दिली ती जगायला, गावभर मरणाच्या घरी फिरायला नाही. तू म्हणालास, "दिली ना? मग मनी व्हयनी ती." मी म्हटलं, तुझी कुठून होते, माझ्या पोटातून काढलीय, वण दाखवू का? तू नेहमी हसून सोडून देणारा माणूस, त्या दिवशी हसला नाहीस. "अक्का, तू माले जगाडं का डबामा भरी ठेवं?" असं विचारलंस. मला जगवलंस की डब्यात भरून ठेवलंस! मी फोन आपटला. दिल्या, डब्यात का होईना, तू असतास. मी इतकी स्वार्थी आहे, घे, लिहून देते.

तुझ्या दारांचं वेड कुठून आलं हे मला माहीत होतं. नाना गेले, वडिलांचं छत्र गेलं, तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी नुकती लग्न होऊन या घरात आलेली. नानांना टीबी होता. गावात कुजबुज होती आणि लोक दारावर यायला कचरले. सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर माणसं चारदोन. तू मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलंस की तू तिन्ही सांजेपर्यंत ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहायचास, आता कोणी येईल, आता येईल. भीतीने लांब राहिलेल्या लोकांचा तुला राग नव्हता. फक्त आपण तसं करायचं नाही, असं तू ठरवून टाकलंस. चौदा वर्षांच्या पोराने ठरवलेली गोष्ट पन्नाशी ओलांडलेल्या, दुसऱ्याच्या किडनीवर जगणाऱ्या माणसाने कशाला पाळायची? हे मी तुला हज्जारदा विचारलं. तू दर वेळी पाणी प्यायचास आणि विषय बदलायचास.

गेल्या दिवाळीनंतर तुझे रिपोर्ट बिघडले. शरीर किडनी नाकारू लागल्याची लक्षणं होती. तीन दिवस इंजेक्शनं दिली, गोळ्यांचा डोस वाढवला. डॉक्टरांनी मला आणि वंदनाला समोर बसवून सांगितलं, "किडनी वाचली. पण आता यांच्या अंगात लढायची ताकद फार कमी राहील. तीन महिने गर्दीत सोडू नका. साधा सर्दी-खोकला झालेल्या माणसाजवळही नको." मी त्या खोलीत होते. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. मीच घरी येऊन मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तुझ्या फ्रिजवर चिकटवलं.

आणि दीडच महिन्याने माझ्या सासूबाई गेल्या. शहाऐंशी वर्षांच्या होऊन, झोपेत, कुणाला त्रास न देता. थंडीचे दिवस होते, धुळ्यात घरोघर खोकला चाललेला. मी तुला फोन करून दोनदा सांगितलं, येऊ नकोस. दोनदा. हे मी सगळ्यांना सांगितलंय, डॉक्टरांना सांगितलंय, तुझ्या दारावर आलेल्या प्रत्येकाला सांगितलंय. ज्या बाईने तुझ्याबद्दल जन्मात एक बरा शब्द काढला नाही, तिच्या दारावर तू यायची काही गरज नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी तू आलास. वंदनाला सांगितलंस दुकानात जातो, आणि बसस्टँडवर जाऊन धुळ्याची बस धरलीस. गाडी करून तरी यायचंस. नाही, एसटी, तीही भरलेली. मी ओसरीत बायकांमध्ये बसले होते. फाटकातून तू आत येताना दिसलास. पांढरा शर्ट, पायात चांगले बूट, तोंडाला मास्क, गळ्यात ती बाटली. मी उठले आणि पन्नास माणसांसमोर ओरडले, "कशाला आलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दारावर आलेले सगळे आपल्याकडे पाहायला लागले. तू जवळ येऊन एवढंच म्हणालास, "आते कोनी काही बोलाव नही, अक्का." आता कुणी काही बोलणार नाही. आणि पुरुषांमध्ये जाऊन बसलास, मागच्या ओळीत नाही, मध्ये, सगळ्यांना दिसशील असा. तुझ्या शेजारचे म्हातारबा रुमालात खोकत होते.

मग माझ्या मोठ्या जाऊबाई पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन तुझ्यासमोर उभ्या राहिल्या. माठातलं पाणी. तुझ्या गळ्यात उकळलेल्या पाण्याची भरलेली बाटली लटकत होती. नुसती दाखवली असतीस तरी चाललं असतं. त्या काही राक्षसीण नाहीत. पण दुःखाच्या घरचं पाणी परत करायचं नाही म्हणून तू मास्क खाली केलास आणि अख्खा पेला प्यायलास. माझ्याकडे पाहत प्यायलास. मी तोंड फिरवलं. तू तासभर बसलास आणि रिवाजाप्रमाणे 'येतो' न म्हणता गेलास.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू रोज फोन करायचास, मी कापायचे. मग तू आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागलास. "अक्का, गोळी घेतली. ताप नाही. आता तरी बोल." दुसऱ्या दिवशी परत, "काही झालं नाही पाहा, उगाच घाबरतेस." मी ऐकायचे, ऐकून बरं वाटायचं आणि तरी उत्तर द्यायचे नाही. वाटलं, याला चांगला महिनाभर झोंबू दे, म्हणजे पुन्हा कुठे जाणार नाही. मुलांना वर्गाबाहेर उभं करून करून ही सवय लागलीय. तू येऊन गेल्याच्या नवव्या दिवशी तुझा आवाज आला, "अक्का, जरा कणकण शे." ते मी शाळा सुटल्यावर ऐकलं आणि दोन शब्द लिहिले, 'डॉक्टरांना दाखव.' आपलं शेवटचं बोलणं ते. चार वर्षं मी तुझ्याशी बडबड बडबड बडबडले आणि शेवटी दोनच शब्द.

पुढचं सगळं फार भराभर झालं. न्यूमोनिया, ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर. फुप्फुसं वाचवायची म्हणून डॉक्टरांनी किडनी सांभाळणाऱ्या गोळ्या थांबवल्या. ज्या गोळ्या तू एकदाही चुकवल्या नव्हत्यास त्या. मी काचेबाहेर उभी राहून पिशवी पाहायचे. रोज थोडी कमी, रोज थोडी कमी. नंतर पिशवी कोरडी राहायला लागली. मी आत जाऊन तुझा हात धरला. तो थरथरत नव्हता. मला तुझी माफी मागायची होती आणि मी काय बोलले माहीत आहे? म्हटलं, "बघ, मी सांगत होते ना." सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. दिल्या, मला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, कुठून लागलं असेल? ते म्हणाले, "सांगता येत नाही. बस असेल, दुकान असेल, घरातही लागू शकतं. शोधत बसू नका." हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. दहा जणांना तेच सांगितलं.

पण वंदना शोधत बसलीय. तुझी बायको दिवसभर बुटांचं बोलते. तू दुकानात चप्पल घालून जायचास, त्या दिवशी बूट घातलेस आणि तिने ते पाहिले होते. "अक्का, मी बूट पाहिले आणि विचारलं नाही. पोळी तव्यावर होती म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माझ्याशी खोटं बोलू शकले नसते." काल गंधमुक्तीचं जेवण चाललं होतं तर ती उठली आणि ते बूट मोरीत घासायला बसली. तिला उठवून आणलं तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तुम्ही दोनदा नको म्हटलं, अक्का. तुम्ही तुमचं केलं. चूक माझी झाली." आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग आवरलं, पिशवी उचलली आणि धुळ्याची बस धरली.

रात्रभर झोप लागली नाही. आता दुपारच्या बसने मी परत जळगावला निघालेय. वंदना मला त्यानंतर दारात उभी करेल न करेल, पण त्या बुटांचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मला इथे जेवण जात नाही. तिला काय सांगायचं ते आधी तुला सांगते. तुला ते माहीतच आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐक.

सासूबाईंच्या चौथ्या दिवशी जाऊबाई भांडी विसळता विसळता मला ऐकू जाईल अशा बोलल्या, "किडनी लेवाले भाऊ शे, दारवर येवाले कोनी नही." मी मागच्या अंगणात गेले आणि तुला फोन लावला. गोळी घेतलीस का विचारलं. मग म्हटलं, इकडे येऊ नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय लक्षात आहे ना. तू म्हणालास, "बरं." नुसतं "बरं". जन्मात पहिल्यांदा तू माझं एका शब्दात ऐकलंस, दिल्या. तू येणार नव्हतास. माझं काम झालं होतं, मी फोन ठेवायला हवा होता.

मला ते "बरं" सोसलं नाही. सदतीस वर्षं या घरात काढली आणि माझ्या माहेरचं एकही माणूस त्या सतरंजीवर नव्हतं. मी म्हटलं, "जाऊबाई काय म्हणाल्या ऐक," आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं, त्यांच्याच सुरात तुला ऐकवलं. मला तुझा श्वास ऐकू येत होता. मग मी दुसऱ्यांदा म्हटलं, "पण तू नको येऊ हं." हे माझं दुसरं 'नको', जे मी गावभर सांगत फिरतेय.

फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं, आत गेले आणि भांड्यांपाशी उभ्या असलेल्या जाऊबाईंना म्हटलं, "उद्या मना भाऊ यी राह्यना."